मुलाखतीतला हुंकार

कीर्तनाला पहिल्या रांगेत कोणी बसावं याचा नियम कुठं लिहून ठेवलेला नाही. पण पिंपळीच्या देवळात ती जागा आनंदरावांची होती आणि ती त्यांना वशिल्यानं मिळालेली नव्हती. बुवा कुठलेही असोत, नमन झालं, अभंग झाला, निरूपणाला तोंड लागलं की दहा मिनिटांत त्यांची नजर फिरत फिरत आनंदरावांवर येऊन थांबायची. कारण आनंदराव हुंकार द्यायचे. बुवांनी वाक्य टाकलं की "हं." प्रश्न टाकला की जरा लांबवून "हंऽऽ." ऐकणारा जागा आहे एवढं कळलं की सांगणाऱ्याच्या अंगात बळ येतं. बुवा बिदागी घेतात, टाळकरी प्रसाद घेतात. आनंदराव काहीच न घेता हुंकार देतात. पांडुरंगानं आपल्याकडं एवढीच सेवा दिली आहे आणि ती आपण चोख करतो, असं त्यांना मनापासून वाटे.

या सेवेनं पोटच्या पोरीची नोकरी घालवायची वेळ येईल हे मात्र कुठल्याही बुवांनी सांगितलेलं नव्हतं.

पोरगी म्हणजे प्रगती. कॉम्प्युटर इंजिनियर. सतरा महिने घरी. दोन कंपन्यांनी तिला शेवटच्या फेरीपर्यंत नेऊन परत पाठवलं होतं आणि दोन्ही पत्रांत कारण एकच होतं: उत्तर बरोबर, पण उमेदवार मोठ्यानं विचार करत नाही. आनंदरावांनी दोन्ही पत्रं तीनतीनदा वाचली. साखर कारखान्याच्या कचेरीत हेडक्लार्क म्हणून बत्तीस वर्षांत त्यांनी बडबडीबद्दल मेमो दिले होते. गप्प बसल्याबद्दल मेमो मिळतो हे नवीन होतं.

"म्हणजे नेमकं काय करायचं असतं?" त्यांनी विचारलं.

"एक कोडं देतात अप्पा. पाऊण तास. प्रोग्राम लिहायचा आणि लिहिताना मनात काय चाललंय ते बोलत राहायचं. समोरचा माणूस स्वतःचा कॅमेरा बंद करून बसतो. मी विचार करायला लागले की माझं तोंड मिटतं. भिंतीशी काय बोलायचं?"

"आणि आता?"

"आता पुण्याची एक कंपनी आहे. शेवटची फेरी, पुढच्या पंधरवड्यातला गुरुवार, सकाळी साडेदहा." तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट टेकवलं. "अठरा महिन्यांच्या वर घरी बसलेल्यांचे अर्ज कोणी उघडतही नाही अप्पा. ही गेली तर पुढची येईल असं वाटत नाही मला."

आनंदरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मुलीला बोलायला भिंत नको, श्रोता हवा. आणि श्रोता म्हटल्यावर तालुक्यात कोणाचं नाव निघतं?

दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी पाच वाजता व्हरांड्यात सराव सुरू झाला. प्रगतीनं पंचाहत्तर कोड्यांचा गठ्ठा छापून आणला होता. ती कोडं वाचायची, वहीत लिहायची आणि बोलायची. आनंदराव समोर मांडी घालून "हं" म्हणायचे. पहिल्या दिवशी ती दर वाक्याला अडखळली. तिसऱ्या दिवशी अडखळणं निम्म्यावर आलं. ती थांबली की आनंदराव मनात चार मोजायचे आणि "हं" सोडायचे. की गाडी पुन्हा चालू.

त्यातलं कंसाचं एक कोडं तर त्यांना खरंच समजलं. उघडलेले कंस नीट मिटलेत की नाहीत ते तपासायचं. सर्वांत शेवटी उघडलेला सर्वांत आधी मिटला पाहिजे. आनंदरावांनी मांडीवर थाप मारली. हे तर कीर्तन! बुवा अभंगातून एका कथेत शिरतात, त्या कथेतून दुसऱ्या कथेत. आतली कथा आधी मिटवायची, मग बाहेरची, मग मूळ अभंगावर यायचं. जे बुवा आतच हरवतात त्यांना पुढच्या वर्षी बोलावत नाहीत.

पंचाहत्तरांतलं हे एक समजलं आणि त्यांचा घात झाला. कारण तोवर व्हरांड्यात गर्दी जमायला लागली होती.

पहिल्या आल्या सिंधुबाई. मागच्या पट्टीत त्यांचे टोमॅटो आणि पेरू. मेथीची जुडी द्यायला आल्या आणि बसल्या. प्रगती म्हणत होती, "समजा एका रांगेत आकडे उभे आहेत..."

"आन् रांगेत कुणीच न्हाय आलं तर?" सिंधुबाईंनी विचारलं.

प्रगतीची पेन्सिल थांबली. "मग... शून्य परत द्यायचं."

"ते आधी लिव. बाजार भरलाच न्हाय तर मानूस आधी घरी येतो. पाटी भरलेली हाय म्हणून हिशेब सुटत न्हाय."

प्रगतीनं ते पानाच्या डोक्यावर लिहिलं. मागच्या कंपनीत ती नेमकी इथंच गप्प झाली होती.

दुसरे आले संभाजीराव. सांगवीचे, निवृत्त तलाठी. त्यांना कुठल्याही कोड्यात आधी चतुःसीमा लागे. "पोरी, उत्तराला हात घालू नकोस. आधी सांग, आकडा मोठ्यात मोठा किती, लहानात लहान किती, दोन सारखे असत्यात का? मोजणी न करता खरेदी केलेली रानं बघितल्यात मी. अजून कोर्टात हायत."

प्रगती हसायची, पण विचारायला लागली. आणि एके दिवशी एक लांबलचक उत्तर संपवून तिनं सहज म्हटलं, "अप्पा, कळतंय ना?"

अख्खा व्हरांडा आनंदरावांकडं वळला. प्रगतीची आई, पद्माबाई, चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबल्या. खरं सांगायचं तर "इनपुट" या शब्दानंतर आनंदरावांना काही कळलेलं नव्हतं. पण हेडक्लार्क माणूस शेजाऱ्यांसमोर "नाही" कसा म्हणणार?

"हं," ते म्हणाले. "तत्त्व बरोबर आहे."

त्या दिवसापासून प्रत्येक उत्तराच्या शेवटी संभाजीराव विचारत, "बरोबर हाय का आनंदराव?" आनंदराव डोळे मिटत, क्षणभर थांबत आणि निकाल देत, "तत्त्व बरोबर आहे." संभाजीरावांनी सलूनमध्ये सांगून टाकलं की आनंदरावांनी नोकरी कारखान्यात काढली हे खरं, पण डोकं सगळं कॉम्प्युटरचं. लोक रस्त्यात थांबवून प्रिंटर का चालत नाही ते विचारू लागले. आनंदराव म्हणत, "बघावं लागेल."

मुलाखतीला चार दिवस राहिले आणि कंपनीची नियमावली आली. खोलीत उमेदवाराखेरीज कोणी नसावं. दुसरा आवाज आल्यास उमेदवार बाद. आणि त्याच संध्याकाळी संभाजीरावांनी बातमी आणली की गुरुवारी दुरुस्तीसाठी नऊ ते दोन वीज बंद.

आनंदराव अर्ज घेऊन वीजकचेरीत गेले. विषय : कन्येच्या कोडिंग मुलाखतीनिमित्त वीजपुरवठा चालू ठेवणेबाबत. खिडकीतल्या बाईंनी तो दोनदा वाचला.

"लग्न हाय का?"

"नाही. मुलाखत."

"मयत?"

"नाही हो. मुलाखत."

"मग कशात बसवू? मुलाखतीला कॉलम न्हाय काका."

"इतर म्हणून घ्या."

"इतरमधी गणपती येतो." तरी बाईंनी शिक्का मारला, आवक क्रमांक दिला आणि आपुलकीनं म्हणाल्या, "वीज काय राहणार न्हाय, पण पोरीला सांगा, देवाचं नाव घेऊन बस म्हणावं."

शेवटी इन्व्हर्टर आला. तो आणणाऱ्यानं स्पष्ट बजावलं, लॅपटॉप आणि नेटचा डबा पाच तास चालेल. पंखा लावला तर भरवसा नाही. पंखा नाही म्हणजे दार-खिडक्या उघड्या ठेवणं आलं. दाराला पद्माबाईंनी पडदा लावला. पंख्याची घरघर नाही, टीव्ही नाही, कुकरची शिट्टी नाही. गुरुवारी सकाळी घरात इतकी शांतता होती, की भिंतीवरची पाल चुकचुकली तेव्हा पद्माबाईंनी तिलाही "शूऽऽ" केलं.

सगळ्यांना कामं वाटून दिली होती. संभाजीराव गल्लीच्या तोंडाशी, कारण उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून जातात. सिंधुबाई व्हरांड्यात, आल्यागेल्याला थोपवायला. पद्माबाई देवघरात. आनंदरावांना प्रगतीनं हात जोडून सांगितलं होतं, "अप्पा, तुम्ही देवळात जाऊन बसा."

"जातो," ते म्हणाले होते आणि खरंच उंबऱ्यापर्यंत गेलेही होते. पण आत संगणकातून "गुड मॉर्निंग" ऐकू आलं आणि पाय निघेना. ते पडद्यामागं उभे राहिले. नुसतं उभं राहायला काय हरकत आहे?

मुलाखत घेणाऱ्याचं नाव अनिमेष. बोलणं सगळं इंग्रजीत, कॅमेरा बंद. त्यानं कोडं दिलं : काही बैठकांच्या सुरू होण्याच्या आणि संपण्याच्या वेळा दिल्या आहेत, तर कमीत कमी किती खोल्या लागतील? आणि गप्प झाला.

प्रगती बोलू लागली. यादी रिकामी असेल तर शून्य. मग चतुःसीमा. पडद्यामागं आनंदरावांची मान हलू लागली. मग वेळा क्रमानं लावायच्या... आणि ती थांबली.

एक. दोन. तीन. चार.

समोरून काहीच नाही. खोकला नाही, श्वास नाही. पाच. सहा. आनंदरावांनी पडदा मुठीत धरला. सात. हीच ती जागा. दोन्ही कंपन्या इथंच गेल्या होत्या. बोल बाळा. आठ. पांडुरंगा, तिला बोलतं कर. नऊ...

"हं."

तो आवाज आपला आहे हे आनंदरावांना तो बाहेर पडल्यावर कळलं. आणि पोरगी सुरू झाली! घडाघडा, वहीत लिहिल्यासारखी. पुढच्या अडखळीला पुन्हा एक "हं" गेला. तिसरा गेला तेव्हा संगणकातून अनिमेषचा आवाज आला; या खेपेला कॅमेरा चालू करून.

"कोण आहे तिथं?"

प्रगतीनं दाराकडं पाहिलं.

"तुम्ही अडकता, मग तो आवाज येतो, मग तुम्हांला सुचतं. तीनदा झालं. एकदा आखूड, दोनदा लांब. याचा अर्थ काय? कृपया लॅपटॉप फिरवा."

लॅपटॉप फिरला. पडद्याखाली दोन पाय दिसत होते. प्रगतीनं पडदा सारला. आनंदराव बनियनवर, खांद्यावर टॉवेल. त्यांच्यामागं उघड्या दारातून व्हरांडा दिसत होता. तिथं कॅमेऱ्याकडं बघून सिंधुबाईंनी पदर सावरला. आणि त्याच क्षणी, ट्रॅक्टर अडवल्याची खबर द्यायला, संभाजीराव पायरी चढून आले. "गाणी लावून चालला होता, सातबारा दाखव म्हनलं, गप उभा केला," असं मोठ्यानं सांगून ते थिजले.

"किती लोक आहेत?" अनिमेष म्हणाला. "मला हे लिहून पाठवावं लागेल. बाहेरून मदत."

बाहेरून मदत. म्हणजे बाद. आणि बादच नाही, फसवणूक म्हणून बाद. आनंदरावांनी बत्तीस वर्षं इतरांकडून खुलासे मागवले होते. स्वतः खुलासा द्यायची वेळ कधी आली नव्हती. ते पुढं झाले आणि इंग्रजी जमेना म्हणून हिंदीत शिरले.

"साहब, मैं बाप है. मदत नहीं किया. सिर्फ हुंकार दिया."

"वो क्या होता है?"

"सुननेवाला जागा है, ये बतानेवाला आवाज."

"अंकल, सब यही बोलते हैं. आपको कोडिंग आती है?"

व्हरांड्यात संभाजीराव ताठ झाले. गेले कित्येक दिवस या प्रश्नाचं उत्तर सगळी गल्ली जाणत होती. आनंदरावांनी मागं पाहिलं नाही, पण पाठीला नजरा कळत होत्या. एक शब्द हो म्हटला तर अब्रू राहील. पोरगी जाईल.

"नहीं आती," ते म्हणाले. मग मागं ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा म्हणाले, "कुछ भी नहीं आता साहब. चौदह दिन से ये बताती है, मैं गर्दन हिलाता है. मेरे को उसमें का कुछ नहीं समझता."

मागं सिंधुबाईंनी "आगं बया" म्हटलेलं सगळ्यांना ऐकू गेलं.

अनिमेष एकदम गंभीर होऊन इंग्रजीत बोलू लागला. प्रगतीचं कुठं चुकलं ते समजावून सांगत असावा. एक वाक्य बोलून थांबला.

"हं," आनंदराव म्हणाले.

त्यानं दुसरं टाकलं. तेही चांगलं जड होतं. "हंऽऽ." तिसरं. चौथं. चौथ्याला आनंदरावांनी आदरानं मानही हलवली. मग त्यांचं लक्ष प्रगतीकडं गेलं. तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं आणि खांदे गदगदत होते. रडतेय की काय?

तो मुद्दाम काय सांगत होता ते त्यांना नंतर कळलं. वेळांची यादी धुऊन दोरीवर वाळत घाला. दोन दिवस ऊन द्या. तिच्या फोडी करा. मोहरी आणि मीठ लावून बरणीत भरा.

अनिमेषनं चष्मा काढून डोळे पुसले. "ठीक है अंकल," तो हिंदीत म्हणाला, "आप पर केस नहीं बनता." मग लगेच आवाज कोरडा करून प्रगतीला म्हणाला, "पण तिथवरचं मी धरू शकत नाही. नवीन कोडं देतो. पंचवीस मिनिटं. हे सगळे घराबाहेर गेल्याशिवाय नाही."

सगळे बाहेर गेले. पार कंपाउंडाबाहेर, शेवग्याखाली. पद्माबाईही देवघरातून आल्या. तिथून खिडकी दिसत होती, प्रगती दिसत होती, ऐकू मात्र काहीच येत नव्हतं. तिचे ओठ हलत होते.

"आनंदराव," संभाजीराव दबक्या आवाजात म्हणाले, "इतकं दिवस आमी तुमच्या मानेकडं बघून माना हालवत होतो!"

आनंदरावांचं लक्ष तिकडं नव्हतंच. खिडकीत ओठ थांबले होते.

एक. दोन. तीन. चार. इथून हाक मारली तर पोचेल. पाच. त्यांनी टॉवेलाचा बोळा करून तोंडावर धरला. सात. आठ. पद्माबाईंनी त्यांचं मनगट घट्ट पकडलं. त्या कोणाला धीर देत होत्या कोण जाणे. अकरा. बारा. आत प्रगतीनं मान वर केली, समोरच्या भिंतीकडं बघितलं, कागदावर काहीतरी खोडलं. पंधरा. सोळा. सिंधुबाई पुटपुटल्या, "इट्टला, पोरीच्या जिभंवर बस रं."

सतराव्याला ओठ हलले. आधी हळू, मग भराभर, मग हातसुद्धा हवेत फिरू लागले. आनंदराव शेवग्याला टेकून खालीच बसले. आपल्यावाचून चाललं, याचा आनंद मानावा की आणखी काही, हे त्यांना ठरवता येईना; आणि ठरवायला वेळही नव्हता, कारण ट्रॅक्टरवाला सातबारा नाही म्हणून खरंच रडकुंडीला येऊन संभाजीरावांना शोधत आला होता.

प्रगती बाहेर आली ती थकलेली. "सोमवारी कळवतो म्हणाले. बाकी काही नाही."

चार दिवस. शुक्रवारी आनंदराव देवळात गेले नाहीत, सलूनवरूनही गेले नाहीत. सोमवारी पाच वाजता व्हरांड्यात नेहमीसारखी मंडळी आली. का आली ते कोणी विचारलं नाही. बसून राहिली. प्रगतीच्या हातात फोन होता आणि तो गप्प होता.

शेवटी आनंदराव म्हणाले, "प्रगे, ते खोल्यांचं कोडं मला सांग. पहिल्यापासून. मला कळलेलं नाही."

"मलाबी न्हाय," संभाजीराव लगेच म्हणाले. त्यांना मोकळं झाल्यासारखं वाटलं असावं.

प्रगतीनं वही घेतली. बैठकांऐवजी कार्यक्रम, खोल्यांऐवजी मंगल कार्यालयातले हॉल. साखरपुडा नऊ ते बारा. बारसं दहा ते एक. लग्न अकरा ते दोन. डोहाळजेवण बारा ते तीन. "अकराला तीन कार्यक्रम एकदम चालू, म्हणून तीन हॉल. बाराला साखरपुडा संपला, त्याच हॉलमध्ये डोहाळजेवण. उत्तर तीन."

"थांब," आनंदराव म्हणाले. "हे पटलं नाही. बाराला संपला म्हणतेस. बाराला हॉल रिकामा झालेला तू बघितलायस कधी? जेवणं राहिली की!"

प्रगती वहीकडं बघत राहिली. "अप्पा... संपायची वेळ धरायची का सोडायची, हे मी त्यांना विचारलंच नाही. तिथं चार लागू शकतात."

तेवढ्यात फोन थरथरला. ती वाचत गेली. एकदा, मग पुन्हा पहिल्यापासून.

"घेतलं," ती म्हणाली. "अप्पा, घेतलं त्यांनी मला. एक तारखेला पुण्यात."

पद्माबाई साखर आणायला म्हणून आत गेल्या आणि आतच राहिल्या. संभाजीरावांनी टोपी काढून पुन्हा घातली. आनंदरावांनी वही स्वतःकडं ओढली, तिच्यावर वाकले आणि बराच वेळ वाकूनच राहिले.

"बरं," ते म्हणाले. "ते... पुण्याचं नंतर बघू. आधी इथं लिही, पंगत उठायला किती वेळ धरायचा."

"दीड तास धर," सिंधुबाई म्हणाल्या; आणि आनंदरावांच्या चष्म्याखालून वहीवर पडलेला थेंब बघून म्हणाल्या, "न्हाय, दोन धर."